घर बंद, अर्जदार बाहेरगावी

एक जंगल होतं. जंगलात जे जे असावं ते सगळं तिथं होतं. झाडं होती, नदी होती, नदीच्या वळणावर ऊन खात पडलेली वाळू होती आणि एक राजाही होता. म्हणजे अधूनमधून असायचा.

राजा जातीचा तरस होता. तरसाचं एक बरं असतं. तो खूश झाला तरी हसतो, रागावला तरी हसतो आणि घाबरला तर जास्तच हसतो. त्यामुळे राज्यात सगळं आनंदात चाललंय असा समज आपोआपच पसरलेला होता. राजा ज्या खडकावर बसे त्याला सिंहासनच म्हणत, कारण तरसासन म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे.

तरसराजांना शेजारची जंगलं बघायची भारी हौस. आज या जंगलाशी मैत्री, उद्या त्या जंगलाशी मैत्री, परवा पहिल्या जंगलाशी पुन्हा मैत्री. परत आले की दोन दिवस अंग चाटत पडायचे आणि तिसऱ्या दिवशी निघायचे. ते नसताना सिंहासनावर त्यांचं सालीवर काढलेलं चित्र उभं करून ठेवत. येणारेजाणारे चित्राला मुजरा करत. चित्र कधी कुणावर खेकसलं नाही, त्यामुळे खाजगीत बरेच जण चित्राचाच कारभार बरा आहे असं म्हणत.

पाच वर्षांपूर्वी, दोन दौऱ्यांच्या मधल्या एका मंगळवारी, राजांनी खडकावरून भाषण केलं.

"माझ्या रानबांधवांनो! आपली नदी कोण पितं?"

"बाहेरचे!" पुढच्या रांगेत बसवलेल्या माकडांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे उत्तर दिलं.

"आपली बोरं कोण खातं?"

"बाहेरचे!"

"आपल्या सावलीत कोण लोळतं?"

"बाहेरचे!" आता मागच्या रांगाही ओरडायला लागल्या. खरं सांगायचं तर त्या वर्षी बाहेरून फक्त चार बदकं आली होती आणि तीही पाण्याची चव न आवडून आठवड्याभरात निघून गेली होती. पण चारांचा आकडा भाषणात घालण्यासारखा नव्हता.

"जंगल कुणाचं?" राजांनी विचारलं.

"जंगलवाल्यांचं!"

त्याच दिवशी निवास कायदा झाला. ज्याला जंगलाचा नागरिक व्हायचंय त्यानं सलग पाच वर्षं जंगलात राहिल्याचं दाखवायचं. वर्षाकाठी तीस दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं चालणार नाही. इथंच जन्मलोय, असं सांगण्यात अर्थ नव्हता. जन्माच्या वेळी नोंद करायला कार्यालयच नव्हतं आणि जे नोंदलं गेलं नाही ते घडलं कशावरून?

या जंगलात धोंडाबाई नावाची एक कासवीण राहायची. वय किती ते तिलाही माहीत नव्हतं. पण नदीकाठचा मोठा अर्जुनवृक्ष रोपटं असताना त्याचं पान आपण खाल्लं होतं आणि ते तुरट लागलं होतं, एवढं तिला आठवत असे. ती वळणावरच्या वाळूत अंड्यातून बाहेर आली, त्याच वाळूत तिनं दरवर्षी अंडी घातली. लांबचा प्रवास म्हणाल तर एकदा पलीकडच्या उंबरापर्यंत गेली होती. जायला अडीच दिवस लागले आणि उंबरं संपलेली होती. तेव्हापासून तिनं प्रवासाचा नाद सोडला.

कायदा झाला तेव्हा धोंडाबाई मनात म्हणाली, "चला, एक तरी कायदा असा निघाला की ज्यात आपण बसतो."

तिची शेजारीण सुंद्रा टिटवी. तीही त्याच वाळूच्या कडेला, गोट्यांमध्ये अंडी घालायची. सुंद्राचा आवाज असा की ती कानात काही सांगायला लागली तर पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. तिनंही त्याच दिवशी नाव नोंदवलं. नाव सांगताना ती इतक्या मोठ्यानं ओरडली की कारकुनानं ते दोनदा लिहिलं.

कोण जंगलात आहे आणि कोण नाही हे तपासायला मुंगसे नावाचे तपासनीस नेमलेले होते. जातीनं मुंगूस, अंगानं चपळ, गळ्यात शिट्टी. दर महिन्याच्या फेरीला प्रत्येकाच्या दारात उभं राहून शिट्टी फुंकायची आणि "कोण आहे घरात?" असं दरडावून विचारायचं. "मी आहे" असं उत्तर आलं की हजर. नाही आलं तर पुढच्या फेरीपर्यंतचा महिनाच्या महिना गैरहजर. काम सोपं होतं आणि मुंगसे ते चोख करत.

आता कासवाच्या कानाशी कुणी अचानक शिट्टी फुंकली तर कासव काय करतं? तेच धोंडाबाईनं केलं. मान आत, चारी पाय आत, शेपटी आत. पुढून एक झडप बंद, मागून एक झडप बंद. मुंगश्यांनी पाठीवर टकटक केली, पुन्हा शिट्टी फुंकली, वाट पाहिली आणि चोपडीत लिहिलं, "घर बंद. अर्जदार बाहेरगावी."

आत धोंडाबाई "आहे, मी आहे" असं म्हणत होती. पण पाय पोटाशी आणि हनुवटी छातीशी दाबलेली असताना आवाज निघतो तो स्वतःपुरताच. ती धीर करून मान बाहेर काढेपर्यंत मुंगसे तीन घरं पुढं गेलेले असायचे. आपण हजर असल्याचं त्यांना कळलंच असेल, असं समजून ती चरायला जायची. घर समोर दिसतंय, घराची मालकीण घरातच असणार, हे कुणालाही कळेल असा तिचा भाबडा समज होता.

पाच वर्षांत साठ फेऱ्या झाल्या.

पाच वर्षं पुरी झाली त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एक नवं फर्मान निघालं. वळणावरची वाळू आता फक्त नागरिकांना वापरता येईल. उरलेली वाळू 'मगर आणि मंडळी' यांना ऊन-विकासासाठी देण्यात येत आहे. ऊन-विकास म्हणजे मगर आणि मंडळी तिथं आडवे पडून ऊन खाणार होते. ते आधीही तेच करत, पण आता त्याला योजना म्हणायचं होतं.

धोंडाबाईच्या पोटात त्या वेळी बावीस अंडी होती आणि फार तर पंधरा दिवस हातात होते. तिला फर्मानाची भीती वाटली नाही. आपली पाच वर्षं झाली आहेत, कागद घ्यायचा आणि वाळूत उतरायचं, असा सरळ हिशेब करून ती निवास कार्यालयाकडे निघाली. कार्यालय हाकेच्या अंतरावर होतं. ती तिसऱ्या दिवशी पोचली.

निवास अधिकारी होते साळिंदरसाहेब. त्यांना कचेरीतून लेखणी मिळत नसे. पाठीवर आहेतच की, असं वरून उत्तर आलं होतं. त्यामुळे काही लिहायचं झालं की साहेब स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटत, कळवळत आणि लिहीत. म्हणून ते शक्यतो लिहीत नसत. अर्ज नाकारायला एकच शब्द लागतो आणि मंजूर करायला पाच ओळी लागतात, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

साहेबांनी धोंडाबाईची फाइल उघडली आणि डोळे विस्फारले.

"धोंडाबाई, तुम्ही पाच वर्षांत एकही दिवस जंगलात नव्हता!"

"मी?" धोंडाबाईनं मागं वळून पाहिलं. दुसरी कुणी धोंडाबाई आली असेल असं तिला वाटलं.

"साठ फेऱ्या, साठही वेळा घर बंद. एवढा प्रवास तर..." साहेब भिंतीवरच्या राजांच्या चित्राकडे पाहून थांबले. "एवढा प्रवास फार कमी लोक करतात."

"अहो साहेब, घर बंद होतं म्हणजे मी आतच होते! ते माझं घर माझ्या पाठीवर असतं. मी त्याच्याबाहेर जाणार कशी?"

"घर इथं होतं. ते कुणी नाकारत नाही. तुमच्या घराची हजेरी चोख आहे. प्रश्न तुमचा आहे."

"दरवर्षी इथल्या वाळूत अंडी घातलीत मी. बाहेर असते तर घातली असती का?"

"ती तुमचीच कशावरून? अंड्यावर नाव नसतं, बाई."

धोंडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं हातापाया पडायचं ठरवलं, पण कासवाला ते धड जमत नाही. ती नुसतीच थोडी पुढं सरकली. ते पाहून साळिंदरसाहेबांना वाईट वाटलं. मनानं ते वाईट नव्हते, फक्त त्यांची पाठ दुखत असायची.

"एक करता येईल," ते म्हणाले. "फेरतपासणी. मुंगश्यांना परवा पाठवतो. या वेळी हजर राहा म्हणजे झालं."

परतीच्या वाटेवर सुंद्रा टिटवी डोक्यावर घिरट्या घालत होती. तिला नागरिकत्व मिळालं होतं. साठच्या साठ फेऱ्यांना ती मुंगश्यांच्या कानात असं काही ओरडली होती की पुढं पुढं ते तिला लांबूनच हजर लावायचे.

"धोंडे, ऐक माझं!" सुंद्रा ओरडली. "शिट्टी वाजली तरी मान आत घ्यायची नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही!"

"अगं, मी कुठं घेते? ती आपोआप जाते."

"मग आपोआप जाऊ द्यायची नाही!"

दोन दिवस सुंद्रानं तिला सराव दिला. सुंद्रा किंचाळायची, धोंडाबाई मान आत ओढायची. सुंद्रा पुन्हा किंचाळायची, मान पुन्हा आत. छपन्नाव्या वेळेला मान अर्धीच गेली. सत्तराव्या वेळेला जागेवरच थरथरत राहिली. तोवर आजूबाजूची सगळी हरणं जंगल सोडून पळाली होती आणि त्यांच्या नावावर गैरहजेरी लागली होती, पण त्याला इलाज नव्हता.

मुंगसे आले. शिट्टी वाजली. धोंडाबाईच्या मानेपासून शेपटीपर्यंत सगळं आत जायला धावत होतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, चारी नखं वाळूत रोवली आणि मान ताणून बाहेर ठेवली. उभ्या जन्मात तिनं एवढं धाडस केलं नव्हतं.

"कोण आहे घरात?"

"मी! मी आहे!" धोंडाबाई म्हणाली. हे सांगताना तिला रडू फुटलं.

मुंगश्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या घराकडे पाहिलं. घरात वाकून पाहिलं. ते कर्तव्यदक्ष होते. त्यांनी चोपडीत लिहिलं, "अर्जदार घराबाहेर आढळली."

साळिंदरसाहेबांनी तो शेरा दोनदा वाचला आणि हात टेकले. "बाई, मी तरी काय करू? आत असता तर घर बंद, बाहेर असता तर घराबाहेर. तुमची शरीररचनाच कायद्यात बसत नाही."

"मग महाराजांचं कसं बसतं हो?" दारातून सुंद्रा ओरडली. "ते तर वर्षाचे तीनशे दिवस बाहेर असतात!"

कचेरीतले सगळे कागद एकदम चाळले जाऊ लागले. साळिंदरसाहेबांनी आवाज खाली आणला. "महाराज जिथं जातात तिथं जंगलाचं नाव घेऊन जातात. नाव जिथं, तिथं जंगल. म्हणजे ते बाहेर गेले असं होतच नाही."

"मग ही तर अख्खं घर घेऊन फिरते!"

"ते खाजगी बांधकाम आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी कपाटातून एक लांबलचक पान काढलं. "आता एकच वाट. प्रवास-पत्रक भरा. कधी गेलात, कुठं गेलात, कशासाठी गेलात, कधी परतलात. कारण पटलं तर गैरहजेरी माफ होऊ शकते. मात्र जिथं गेलात तिथल्या राज्यकर्त्याची सही आणा."

अंडी घालायला सात दिवस उरले होते.

सुंद्राचं म्हणणं होतं, दे ठोकून काहीतरी. पलीकडच्या जंगलात मावशी आजारी होती म्हण. पण धोंडाबाईला खोटं बोलणं जमत नसे. खोटं बोलायला लागली की मान आपोआप आत जायची. तिनं पत्रक जसं घडलं तसं भरलं. ठिकाण या रकान्यात लिहिलं, 'आत'. कारण या रकान्यात लिहिलं, 'शिट्टी'. परतीच्या रकान्यात लिहिलं, 'भीती गेल्यावर'. असं साठ वेळा लिहिलं. राज्यकर्त्याच्या सहीसाठी तिनं खूप विचार केला. आत कुणाचं राज्य आहे? आत तर आपल्याशिवाय कुणीच नसतं. शेवटी तिनं स्वतःच्या पावलाचा ठसा उमटवला.

साळिंदरसाहेबांनी पत्रक पाहिलं. नाकारायचं तर 'आत' कुठं आहे ते लिहावं लागणार, म्हणजे निदान दोन काटे. त्यांनी ते न लिहिता परराष्ट्र खात्याकडे पाठवून दिलं.

परराष्ट्र सचिव होते बगळेसाहेब. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, दुसरा पाय कुठल्या बाजूला टाकायचा ते वरून आदेश आल्यावर ठरवणारे. त्यांनी नकाशा पसरला. उत्तरेला 'आत' नव्हतं, दक्षिणेला नव्हतं. पण साठ प्रवासांची नोंद होती, सरकारी तपासनिसाचे साठ शेरे त्याला जुळत होते आणि राज्यकर्त्याची सहीसुद्धा होती. एवढे कागद असल्यावर देश नसून कसं चालेल? बगळेसाहेबांनी चोचीनं नकाशावर एक ठिपका दिला आणि त्याला 'आत' असं नाव लिहिलं.

तेवढ्यात तरसराजे दौऱ्यावरून परतले आणि तिसरा दिवस उजाडला.

"आता कुठं?" राजांनी विचारलं.

बगळेसाहेबांना घाम फुटला. आजूबाजूची सगळी जंगलं झाली होती. काही तीन-तीनदा झाली होती. एका जंगलानं तर आता काही दिवस मैत्री पुरे, असं नम्रपणे कळवलं होतं. मग त्यांची नजर ठिपक्यावर गेली.

"महाराज, एक देश राहिलाय. आजवर एकही राजा तिथं गेलेला नाही."

तरसराजांनी कान टवकारले. "एकही नाही?"

"आपणच पहिले."

दुसऱ्या दिवशी नदीच्या वळणावर मांडव पडला. वाजंत्री आली. पुढच्या रांगेत माकडं बसवण्यात आली. धोंडाबाईला कुणीतरी घासूनपुसून एका चौरंगावर ठेवलं आणि तिच्या पुढ्यात फुलांच्या पाकळ्या पसरल्या. आपल्याला नागरिकत्व देताहेत असं समजून ती गहिवरली होती. चार दिवस उरले असले तरी वेळेत झालं म्हणायचं, असं ती सुंद्राला हळूच म्हणाली.

राजांनी भाषण केलं.

"आमचं आणि 'आत'चं नातं आजचं नाही! हजारो वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांनी 'आत'कडे पाहिलं होतं! आज मीही पाहणार आहे! 'आत'ची जनता साधी आहे, मेहनती आहे! 'आत' पुढं जाईल तेव्हाच बाहेर पुढं जाईल!"

"आत-बाहेर भाई भाई!" माकडं ओरडली.

भाषण संपवून तरसराजे चौरंगाजवळ आले, वाकले आणि देशात प्रवेश करण्यासाठी त्यांनी आपलं नाक धोंडाबाईच्या गळ्याजवळच्या फटीत घातलं. त्याच क्षणी मानवंदना म्हणून मुंगश्यांनी शिट्टी फुंकली.

खट्कन झडप बंद झाली.

राजे हसले. जोरजोरात हसले. इतके हसले की त्यांचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले. प्रजेनं टाळ्यांचा कडकडाट केला.

"महाराजांना देश फारच आवडलाय," बगळेसाहेब वार्ताहरांना म्हणाले. "निघायचं नावच घेत नाहीत."

आत अंधार होता. नेहमीचाच. फक्त आज त्या अंधारात एक भलंमोठं ओलं नाक होतं आणि त्याला दहा जंगलांचा वास येत होता. धोंडाबाई भीतीनं गोळा झाली होती. तिच्या घरात आजवर कुणीच आलेलं नव्हतं.

"बाई," नाक म्हणालं. "सोडा."

तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. हा आवाज भाषणातला नव्हता. कुठल्याही घाबरलेल्या जनावराचा असतो तसाच होता.

"महाराज, मुद्दाम नाही धरलं. शिट्टी वाजली की असं होतं. पाच वर्षं हेच सांगतेय मी."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

नाकानं एक मोठा श्वास सोडला. "इथं आहे तरी काय?"

"काही नाही, महाराज. मीच आहे."

बाहेर वाजंत्री वाजत होती. धोंडाबाईची झडप आता सैल पडू लागली होती, कारण भीती जायला लागली होती. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं ठरवून झडप मिटलेली ठेवली.

"महाराज, मला वाळू हवी."

"किती?"

"दीड हात. अंडी घालण्यापुरती."

"एवढंच?" राजांना आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे येणारे नेहमी डोंगर मागत. "दिली. सोडा आता."

"नागरिक म्हणून दिली ना?"

"ते बगळे बघतील."

झडपेच्या फटीतून राजांचा आवाज ऐकून बगळेसाहेबांनी तिथल्या तिथं करार लिहिला. दोन देशांमधला करार असल्यामुळे त्यात नागरिकत्वाचा प्रश्न येत नव्हता. 'आत' या मित्रराष्ट्राला वळणावरची दीड हात वाळू वकिलातीसाठी देण्यात येत आहे आणि ती वाळू यापुढे परदेशी भूमी समजली जाईल, असं त्यात होतं. साळिंदरसाहेबांनी एका दमात चार काटे उपटले. राजांनी डोळे मिटून पंजा उमटवला आणि धोंडाबाईनं झडप उघडली.

"अहो, पण मी परदेशी नाही," धोंडाबाई म्हणाली. तिची मान आता पूर्ण बाहेर होती. "मी याच वाळूत जन्मले. मला इथलीच म्हणून राहायचंय."

बगळेसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "बाई, इथली म्हणून तुम्हाला पाच वर्षांत चिमूटभर वाळू मिळाली नाही. परदेशी म्हणून अर्ध्या तासात दीड हात मिळतेय. घ्या आणि गप्प बसा."

धोंडाबाईनं पोटातल्या ओझ्याकडे लक्ष दिलं. अंडी कायद्यासाठी थांबत नाहीत. तिनं ठसा उमटवला. तो उमटवताना तिला फार वाईट वाटलं, आणि चार दिवसांनी त्याच वाळूत मागच्या पायांनी खड्डा उकरताना तेवढंच बरंही वाटलं. वाळू तशीच ऊबदार होती. बावीसच्या बावीस अंडी तिनं झाकली, वरून पोट घासून जागा सारखी केली आणि काठावर बसून राहिली. पलीकडे ऊन-विकासाचं काम जोरात चालू होतं, पण परदेशी भूमीवर पाय ठेवायची मगरीची हिंमत नव्हती. सुंद्रा दिवसभर ओरडून सगळ्या जंगलाला वकिलातीची हद्द सांगत होती.

राजे करार झाल्याच्या तिसऱ्या दिवशीच निघून गेले होते. खडकावर चित्र होतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी वाळू हलली. आधी एक चिमुकलं नाक वर आलं, मग दुसरं, मग एकाच वेळी पाच-सहा. नाण्याएवढी बावीस पिल्लं वाळू झटकत नदीच्या दिशेनं चालायला लागली. धोंडाबाईचे डोळे भरून आले. ती इतक्या वेगानं त्यांच्याकडे निघाली की दुपारपर्यंत पोचली असती.

मुंगसे मात्र आधी पोचले. त्यांनी दीड हाताच्या रेषेवर उभं राहून जीव तोडून शिट्टी फुंकली.

पिल्लं थांबली. त्यांना शिट्टी म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. एकानंही मान आत घेतली नाही. उलट बावीस माना आणखी लांब झाल्या आणि मुंगश्यांकडे कुतूहलानं बघायला लागल्या. मुंगसे दोन पावलं मागं सरले. पाच वर्षांत त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

"कोण आहे घरात?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"आम्ही!" बावीस आवाज आले.

मुंगश्यांनी रेष पाहिली, पिल्लं पाहिली आणि चोपडी उघडली. त्यांनी लिहिलं, "बावीस परकीय हद्द ओलांडून जंगलात शिरताना आढळले."

"अहो मुंगसेसाहेब!" मागून धोंडाबाईची हाक आली. ती पळत होती. "एक दिवसाची पोरं आहेत ती! आत्ता जन्मलीत, इथं, तुमच्या डोळ्यांसमोर!"

"इथं नाही. वकिलातीत," मुंगसे म्हणाले. त्यांचा आवाज मात्र जरा खाली आला होता. "सलग पाच वर्षं राहिल्याचं दाखवा म्हणावं. आजपासून धरतो."

"धरा," धोंडाबाई म्हणाली. तिनं पिल्लांकडे वळून पाहिलं. "आणि तुम्ही पोरांनो, ऐका. हे दर महिन्याला येणार. शिट्टी फुंकणार. मान आत घ्यायची नाही. घराबाहेर लिहिलं तर लिहू दे, परदेशी लिहिलं तर लिहू दे. मान तेवढी बाहेर ठेवायची."

पिल्लं तिला वळसा घालून नदीत उतरली. मुंगश्यांनी ती मोजली.

घुसखोरीची बातमी चारी दिशांना गेली. संध्याकाळपर्यंत राजांचा तातडीचा संदेश येऊन थडकला आणि तो चित्राशेजारी उभं राहून बगळेसाहेबांनी वाचून दाखवला. महाराजांनी लांबच्या एका जंगलातून कळवलं होतं की, जे इथं राहत नाहीत त्यांना इथं अजिबात खपवून घेतलं जाणार नाही.